काडीवर पातळी बरोबर होती

इंजिन जाम झालं ते रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी, लाखनी आणि साकोलीच्या मधल्या मोहघाट्याच्या जंगलात. वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण म्हशीचं दूध काढलं का हे शेजारणीला विचारायला बायकोने त्याच मिनिटाला मोबाइल उघडला होता. बाकीच्या वेळा थोड्या आठवणीतल्या, थोड्या गाडीच्या डायरीतल्या.

गाडी १९९९ची मारुती ८००. कार्बोरेटरची, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओने दर वेळी आणखी पाच वर्षं दिली आणि तिनेही ती निमूट घेतली. पुढे जे झालं त्यात गाडीचा दोष नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

१६ तास आधी, पहाटे ५.४०

सानगडी. किल्ल्याच्या अंगाला धुकं धरलेलं, धान चुरण्याचे दिवस, अंगणात तणसाचा वास. नागपूरला मामेबहिणीचं साक्षगंध होतं. लांबचा पल्ला म्हणून मी शिस्तीत बॉनेट उघडलं, तेलाची काडी ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा पूर्ण आत घातली आणि काढली. तेल वरच्या खुणेला टेकलेलं. इंजिन थंड, गाडी सपाट जमिनीवर. पाहण्याची पद्धत पुस्तकात लिहिल्यासारखी.

चार महिन्यांत वरून एक थेंब टाकला नव्हता. हे मी अभिमानाने सांगत फिरायचो: जुनी आहे, पण तेल पीत नाही. आता विचार करतो तर हाच पहिला पुरावा होता. कारण गाडी तेल पीत होती, आणि ते मला माहीत होतं.

रोज सकाळी सुरू करताना मागून निळसर धूर यायचा. पांढरा धूर पाण्याचा, काळा जास्तीच्या पेट्रोलचा, निळा तेलाचा. एवढं आमच्याकडे ट्रॅक्टर चालवणारं पोरगंही सांगतं. निळ्यातही प्रकार आहेत. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी एकच भपका सोडला आणि मग ती स्वच्छ झाली, तर वॉल्व्हची सीलं गेली समजायचं. रात्री वरचं तेल वॉल्व्हच्या दांड्यावरून खाली उतरून बसलेलं असतं. चढावर, जोर लावताना धूर निघाला तर रिंगा. माझी गाडी दोन्ही करायची. वर्षभरापूर्वी साकोलीच्या मिस्त्रीने प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं होतं. मग प्रत्येक सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं. आकडा वाढला. त्या तेलाने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवल्या, म्हणून वाढला. वॉल्व्ह गळत असते तर तेल टाकून फरक पडला नसता.

"हाफ इंजिन काढा जी," मिस्त्री म्हणाला. मी म्हटलं, धान विकू द्या.

म्हणजे सीलं गेलेली, रिंगा गेलेल्या, धुरात तेल जाताना डोळ्यांना दिसतं, आणि काडीवरची पातळी चार महिने हलत नाही. आत तेल कमी होत असेल तर त्या जागी दुसरं काहीतरी भरत असलं पाहिजे. ही वजाबाकी मी मांडलीच नाही. हातातल्या फडक्याला पेट्रोलचा वास येत होता, तोही घेतला आणि सोडून दिला. जुन्या गाडीच्या बॉनेटखाली पेट्रोलचा वास यायचाच, असं आपण धरून चालतो.

फडकं डिकीत टाकलं. डायरी काढून किलोमीटर लिहिले. आदल्या पानावर माझंच अक्षर होतं: ॲव्हरेज १७ वरून १५. शेजारी पेन दाबून लिहिलेलं: 'पंप बदलायचा.' आमच्या नेहमीच्या पेट्रोलपंपावर मापात मारतात, असा माझा पक्का समज झाला होता.

१५ तास आधी, सकाळी ६.४०

चोक ओढून स्टार्टर मारला. पुढे मी आणि बायको, मागे आई, काकू आणि भासा. किल्ली फिरवली की लाल दिवा लागतो, तो अल्लादीनच्या चिरागासारखा, आणि इंजिन सुरू झालं की एक-दोन सेकंदांत विझतो. त्या दिवशी पाच सेकंद लागले. थंडी आहे, म्हटलं.

या दिव्याबद्दल मोठा गैरसमज आहे. त्याला सगळे तेलाचा दिवा म्हणतात आणि तेल कमी झालं की तो लागतो असं समजतात. तो तेल मोजतच नाही. इंजिनाच्या अंगाला एक छोटा स्विच असतो, त्याला फक्त तेलाचा दाब कळतो. गरम इंजिनात गाडी पळत असताना हा दाब साधारण ३ ते ४ बार असतो आणि दिवा लागतो तो ०.३ बारच्या आसपास. विहिरीत पाणी किती उरलं हे मोटारीच्या नळाची धार तुटल्यावरच कळावं, तसं हे आहे. धार तुटली तेव्हा मोटार कोरडी फिरायला लागलेलीच असते.

१३ तास आधी, सकाळी ८.४०

भंडाऱ्याला वैनगंगेचा पूल. ऊन चढलं, काच खाली केली, आईने पुलावरून हात जोडले. गाडी छान चालली होती. या वेळी इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये जे चाललं होतं ते मला दोन दिवसांनी कळलं, पण सांगायची जागा हीच.

या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल टाकीतून ओढून आणणारा पंप विजेवर चालत नाही. तो इंजिनाच्या हेडला, बाजूला बोल्ट केलेला असतो. आतून कॅमशाफ्ट त्याची दांडी हलवते, दांडी एक रबरी पडदा खाली-वर करते, पडदा पेट्रोल ओढतो आणि ढकलतो. पडद्याच्या एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला इंजिनाचं पोट; मधे तळहाताएवढं रबर. त्या रबराला केसाएवढी चीर पडली की दर फटक्याला थोडं पेट्रोल आत झिरपतं, हेडमधून उतरतं आणि तेलात जाऊन मिसळतं. बाहेर थेंब पडत नाही, गाडी बंद पडत नाही. ॲव्हरेज तेवढं घसरतं.

या इंजिनात तेल मावतं तीन लिटरच्या आत-बाहेर. चार महिने वरून रिंगा तेल खात होत्या आणि बाजूने पंप पेट्रोल भरत होता. दोन चोर एकाच घरात, आणि एकाने नेलं की दुसरा त्या जागी काहीतरी ठेवून जायचा. काडीला त्यातलं काय कळणार? तिच्यावर ओलं कुठवर आहे एवढंच दिसतं.

गावातल्या गावात हे चालून गेलं असतं, आणि चाललंही होतं. घरून शेत, शेतातून बाजार, कधी साकोली. तेल धड तापतच नाही, पेट्रोल त्यातच राहतं. पण तेल पातळ होतं. २०डब्ल्यू-४० मधला ४० हा आकडा १०० अंशाला तेल किती दाट राहील ते सांगतो. त्यात दहा टक्के पेट्रोल गेलं तर ते एक-दोन पायऱ्या सहज खाली येतं. मी चाळीसचं तेल घातलं होतं आणि चालवत होतो त्याहून फार हलकं काहीतरी.

आणि आज महामार्ग. पेट्रोलचा हलका भाग ३५-४० अंशालाच उडायला लागतो. हायवेवर तेल ९०-१०० अंशांच्या घरात जातं, तासन्‌तास. चार महिन्यांचं साचलेलं पेट्रोल वाफ होऊन ब्रीदरच्या नळीने एअर क्लिनरमध्ये, तिथून इंजिनात जाऊन जळत होतं. मागे उरत होतं ते खरं तेल, तेही हायवेच्या वेगाने रिंगा खात होत्या. लाखनी, भंडारा, मौदा असं एकेक गाव मागे पडत होतं तशी खरी पातळी उघडी पडत होती, उन्हाळ्यात मामा (माजी मालगुजारी) तलावाचा तळ उघडा पडावा तशी.

सुमारे १० तास आधी, सकाळी ११.३०

नागपूर, पारडीचा चौक. ट्रक, ऑटो, धूळ. गाडी गिअर काढून उभी असताना दिवा मंद पेटला. पाय दाबला की विझला.

"मामाजी, लाल दिवा लागून राहिला न," मागून भासा.

"वायर ढिली असंल," मी म्हणालो. पोरगं आयटीआयला आहे, त्याने पुन्हा काही विचारलं नाही. मामाला किती वेळा विचारणार?

दिवा कधी लागतो यावरून बरंच कळतं. गरम इंजिन, गाडी उभी, आणि दिवा मिणमिणतो, गती दिली की जातो: तेल पातळ झालं, किंवा बेअरिंगं झिजली, किंवा तेलाचा पंप. गाडी पळते आहे आणि दिवा फक्त वळणावर नाहीतर ब्रेक मारताना चमकतो: चेंबरमध्ये तेलच कमी आहे, ते एका बाजूला धावतं आणि पंपाचं तोंड हवेत येतं. मला त्या एका दिवसात दोन्ही पाहायला मिळाले. पारडीला पहिला.

७ तास आधी, दुपारी २.४०

साक्षगंध उरकलं. वडाभात झाला. गाडी तीन तास सावलीत निवांत थंड झाली होती. काडी पाहायला त्या दिवसातली सगळ्यात चांगली वेळ हीच, आणि माझ्या डोक्यात ते आलंही. सकाळीच तर पाहिलं, असं मनाशी म्हणत मी दुसऱ्यांदा भात घेतला.

३ तास आधी, संध्याकाळी ६.४०

निघायला उशीर झाला. पारडी सोडताना एक दुचाकीवाला बरोबरीने आला, मागे बोट दाखवून नाकाला रुमाल लावला. धूर मारत होती. हे नेहमीचंच होतं, त्यात नवीन काय?

दीड तास आधी, रात्री ८.१०

भंडाऱ्यात चहासाठी गाडी डावीकडे वळवली आणि दिवा चमकला. लख्ख, एकदाच, वळणापुरता.

या वेळी मात्र मी उतरलो. बॉनेट उघडलं, फडकं डिकीतच राहिलं म्हणून रुमालाने काडी पुसली आणि पाहिली. टोकाला बोटभर ओलं, तेसुद्धा खालच्या खुणेच्या खाली. इथे मला माझ्या अर्धवट ज्ञानाने मारलं. गाडी नुकतीच बंद केली की बरंचसं तेल वर हेडमध्ये आणि भिंतींना लागून असतं, ते खाली उतरायला पाच-दहा मिनिटं लागतात, तोवर काडी कमी दाखवते. हे खरं आहे. हे मी भाशाला ऐटीत समजावूनही सांगितलं. फक्त ती पाच-दहा मिनिटं थांबून दुसऱ्यांदा काडी पाहिली नाही. चहा तेवढ्याच वेळाचा होता. आणि वर न उतरलेल्या तेलाने पातळी थोडी खाली दिसते, तळाला जात नाही, हे तेव्हा सुचलं नाही. समोर पेट्रोलपंपाच्या काचेच्या कपाटात तेलाचे एक लिटरचे डबे ओळीने लावलेले होते.

काट्यावर विश्वास न ठेवायची ही खोड मोठमोठ्यांना असते, हे नंतर वाचताना कळलं. ५ मे १९८३. ईस्टर्न एअरलाइन्सचं ८५५ क्रमांकाचं विमान मायामीहून बहामातल्या नासाऊला निघालं. तीन इंजिनांचं लॉकहीड एल-१०११, आत १७२ माणसं. आधी शेपटातल्या इंजिनाचा तेलाचा दाब पडला म्हणून वैमानिकांनी ते बंद केलं आणि विमान मायामीकडे वळवलं. मग उरलेल्या दोन्ही इंजिनांचे तेलाचे काटे शून्यावर आले. तिन्ही इंजिनांचं तेल एकाच वेळी कसं जाईल? काटेच बिघडले असणार, असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटणं वेडेपणाचंही नव्हतं. पण काटे खरं बोलत होते. तेलात धातूचा चुरा सापडतो का हे पाहायचे चुंबकी प्लग दुरुस्तीत बदलले होते आणि तिन्ही इंजिनांवर ते रबरी रिंगांशिवाय बसवले गेले होते. तेल तिथून गळून गेलं. उरलेली दोन्ही इंजिनं विझली, आणि विमान सुमारे १३,००० फुटांवरून ४,००० फुटांपर्यंत इंजिनाविना खाली येत राहिलं. आधी बंद केलेलं इंजिन त्या उंचीवर पुन्हा सुरू झालं आणि सगळे सुखरूप उतरले. वेळेवर बंद केलं म्हणूनच त्याच्यात जीव उरला होता.

माझी चूक मात्र त्यांच्यापेक्षा हलक्या प्रतीची. त्यांनी खऱ्या काट्याला खोटं ठरवलं. मी सकाळी काडी खोटं बोलत होती तेव्हा तिचं मानलं, आणि रात्री ती खरं बोलायला लागली तेव्हा तिला शिकवायला गेलो.

४० मिनिटं आधी, रात्री ९.००

लाखनी. वरून बारीक टिकटिक यायला लागली. ही टॅपेटची, कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरते म्हणून तिचा ताल सावकाश असतो. टॅपेट वाजतात म्हणून कोणी गाडी थांबवत नाही. पण तेल सगळ्यात उशिरा पोचतं ते वर, आणि दाब पडला की पहिली ओरड बहुधा तिथूनच येते.

गावाबाहेर आल्यावर दुसरा आवाज सुरू झाला. खालून, खोल, भरीव: ठक, ठक, ठक. पाय दाबला की मोठा, सोडला की लहान.

"चाकात दगड अडकला का बापू?" आई म्हणाली.

मला ते पटलं. खरंच सांगतो, मी उतरून मोबाइलच्या उजेडात चारही चाकांच्या टोप्या हलवून पाहिल्या. चाकातला दगड चाकाच्या वेगाने वाजतो. हा आवाज गाडी उभी असतानाही येत होता, आणि मी चाकाशी वाकून तो ऐकत होतो.

४ मिनिटं आधी, रात्री ९.३६

मोहघाट्याचं जंगल. महामार्गाखालून जनावरं जावीत म्हणून इथे वाटा काढलेल्या आहेत, कारण या पट्ट्यातून वाघ-बिबट नागझिरा आणि नवेगावच्या जंगलांमध्ये ये-जा करतात. दिवा लागला आणि या वेळी विझला नाही.

तिथेच किल्ली फिरवायला हवी होती. गाडीत तीन बायका होत्या, दोन्ही अंगांना मिट्ट काळोख होता, साकोलीचे दिवे काही किलोमीटरवर होते. कोणत्याही माणसाने जे केलं असतं तेच मी केलं. हळू चालवू म्हटलं, पोचू. वेग कमी करून उपयोग नसतो. गती उतरली की पंपाचा दाब आणखी पडतो.

क्रँकचा गोल आणि त्याच्याभोवतीचा बेअरिंगचा पातळ पत्रा एकमेकांना कधी शिवतच नाहीत. मधे तेलाचा पडदा असतो, काही मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. इंजिनाचा सगळा जोर त्या पडद्यावर चालतो. तो फाटला की पत्र्यावरचा मऊ धातू आधी घासतो, मग वितळतो, मग पत्रा आपल्या खाचेतून सुटून क्रँकबरोबर फिरायला लागतो आणि तेल यायचं भोकच बंद करतो. याला तास लागत नाहीत.

रात्री ९.४०

ठकठक थांबली. क्षणभर बरं वाटलं. लगेच खालून कर्रर्र झालं, स्टिअरिंगला हिसका बसला, पुढची चाकं रस्ता धरून ओढली गेली. क्लच दाबला म्हणून गाडी कशीबशी कडेला आली. बॉनेटच्या फटीतून धूर निघत होता आणि करपलेल्या तेलाचा वास. स्टार्टर मारला तर नुसतं टक्.

"दूध काढलं म्हनते," बायको मोबाइलकडे पाहत म्हणाली.

अकराच्या सुमारास धान टाकून परतणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याने टोचन केलं. दोराच्या टोकाला बंद गाडीत आम्ही पाचजण, पुढे ट्रॉलीचा लाल दिवा हलत होता. त्याने पैसे घेतले नाहीत.

दोन दिवसांनी

मिस्त्रीने चेंबरचा बोल्ट काढला. तीन लिटरच्या जागी उतरलं ते लिटरभरही नव्हतं, काळं, आणि उन्हात धरलं तर त्यात चंदेरी भुकटी चमकत होती. चेंबर उतरवल्यावर क्रँकचा एक गोल जळून निळा पडलेला दिसला, त्यावर दोन्ही पत्रे एकावर एक चढून चिकटलेले. लेथवाला म्हणाला, ग्राइंडिंगला काही ठेवलंच नाही.

"तेल त खाल्लं समजलं," मिस्त्री म्हणाला, "पन सकारी फुल होतं म्हनता?"

मी शपथेवर सांगितलं. त्याने डिकीतून सकाळचं फडकं काढलं, नाकाला लावलं, माझ्याकडे दिलं. दोन दिवसांनीही वास पुसट होता, पण होता. मग त्याने शेल्फवरून माझ्याच गाडीचं महिन्यापूर्वी बाटलीत थोडंसं काढून ठेवलेलं तेल घेतलं, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब सोडला आणि चहा सांगितला. चहा येईपर्यंत मधे काळा ठिपका राहिला आणि त्याच्याभोवती फिकट, ओलं कडं पसरत गेलं. "हे पेट्रोल जी. तेल इतकं पातर नसते. मी बी तवा पायलं नाई."

पेट्रोलचा पंप खोलायला त्याला पाच मिनिटं लागली. रबराचा पडदा उजेडासमोर ताणून धरला तेव्हा चीर दिसली, नखाएवढी. पंचवीस वर्षांचं रबर ते.

मी खर्चाचा अंदाज लिहून घ्यायला डायरी उघडली. मिस्त्री वाकून मागचं पान वाचत होता. १७ वरून १५, आणि शेजारची ओळ. त्याने ती बोटाने दाखवली.

"लिवलं त बरोबरच होतं न जी," तो म्हणाला.